आटे जुळले, प्लग जुळला नाही : १९३० च्या फोर्ड मॉडेल ए वर आजचे स्पार्क प्लग

मामांची गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, कापडी टपाची फेटन. स्टिअरिंग उजवीकडे, कारण आपल्याकडे त्या काळी फोर्ड गाड्या कॅनडातल्या कंपनीमार्फत येत. १९२६ साली स्थापन झालेली फोर्डची हिंदुस्थानातली कंपनीही कॅनडाच्याच कंपनीची शाखा होती. आजोबांच्या वेळेपासून गाडी सासवडच्या वाड्यात आहे. मधली बरीच वर्षं ती पोत्यांखाली झाकून पडली होती. मामांनी निवृत्तीनंतर ती पुन्हा रस्त्यावर आणली आणि इंजिनाचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी तिच्या प्लगांवर आम्ही जवळजवळ चार महिने घालवले. जुन्या गाड्यांवर हात चालवणाऱ्या बऱ्याच जणांवर हीच वेळ येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. आमची चूक कुठे झाली तेही.

मूळ अडचण साधी होती. गाडीत चार वेगवेगळ्या जातींचे जुने प्लग होते. दोघांच्या चिनी मातीला बारीक तडे गेलेले. इंजिन गरम झालं की ठिणगी टोकाशी न पडता त्या तड्यातून आतल्या आत लोखंडाला जायची. प्लग बदलायलाच हवे होते.

पण मॉडेल ए चा प्लग आज शेल्फवर मिळणाऱ्या प्लगासारखा नाही. त्याचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १८. म्हणजे व्यास २२.२ मिलिमीटर. आज गाड्यांना आणि दुचाकींना सर्रास लागतो तो १४ मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक. मॉडेल ए ला कारखान्यातून चॅम्पियनचा ३एक्स हा प्लग यायचा. ७/८ इंची नवे प्लग अमेरिकेत अजून मिळतात, चॅम्पियनचा डब्ल्यू१८ किंवा ऑटोलाइटचा ३०९५ त्यातलेच. ज्याला बाहेरून मागवणं जमतं त्याने सरळ तेच घालावेत, पुढचं वाचायचीही गरज नाही. मामांचं म्हणणं वेगळं होतं. "रस्त्यात प्लग गेला तर पुण्यात मिळाला पाहिजे. अमेरिकेच्या पार्सलची वाट बघत मी घाटात बसणार नाही." त्यामुळे ठरलं की हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, ७/८ इंची बुश (आत-बाहेर आटे असलेली पोकळ कडी) बसवायचा आणि त्या बुशाच्या आतल्या १४ मिलिमीटरच्या आट्यांत आजचा प्लग.

पहिला बुश लेथवर करून घेतला आणि तिथेच पहिला धडा मिळाला. लेथवाले हाताचे पक्के, पण त्यांच्या यंत्रावर मेट्रिक आट्यांची सवय. त्यांनी २२ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर) धरून आटे पाडले. डोळ्यांना काही कळत नाही. इंचाला १८ आटे म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर. एका आट्याला फरक जेमतेम नऊशतांश मिलिमीटरचा, पण तो साठत जातो. बुश हाताने तीन फेरे गोडीत गेला, चौथ्याला जड झाला. मिस्त्रींनी पाना उचलला होता, मी हात धरला. तिथे जोर लावला असता तर नव्वद वर्षांच्या कास्ट आयर्न हेडचे आटे गेले असते. हाताने शेवटपर्यंत जात नाही तो आटा त्या भोकाचा नाही, एवढं मानून थांबलो. पिच गेज लावल्यावर सगळं उघड झालं. मग मॉडेल ए चे सुटे भाग पुरवणाऱ्यांकडून तयार स्टीलचे बुश मागवले. ते चारही हाताने तळापर्यंत बसले. (हे एकदाच मागवायचे होते, म्हणून मामाही तयार झाले.)

आता प्लग. बुशात लागतो १४ मिलिमीटरचा, आखूड आट्यांचा, म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानात या मापाचा प्लग मागितला की समोर येतो तो टू-स्ट्रोक मोटरसायकलचा. मिस्त्रींनी तोच आणला, एनजीके कंपनीचा बी८एचएस. आटे बरोबर, लांबी बरोबर, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. अंगणात इतकी गोड चालली की मामांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून सासवडला निघालो. हडपसरच्या तिसऱ्या सिग्नलला गाडीने मिसिंग मारायला सुरुवात केली. आधी एक सिलिंडर, मग दोन. सायलेन्सरमधून फटाके. दिवे घाटाच्या पायथ्याला वाटलं चढावर मोकळी होईल. थोडी झालीही, पण वळणावर वेग कमी झाला की पुन्हा तेच. अर्ध्या घाटात बाजूला घेतली.

प्लग काढले. चारही सुके, मखमलीसारखे काळे. बोट फिरवलं की काजळी बोटाला. चौथ्यावर थोडं ऑइलही होतं.

मिस्त्रींनी एक प्लग त्याला वीज आणणाऱ्या पितळी पट्टीला लावून हेडवर टेकवला आणि मला हँडल मारायला सांगितलं. ठिणगी लख्ख. "प्लग चांगला आहे, दादा. कार्बोरेटरच बघू." ही परीक्षा फसवी असते. बाहेरच्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेलेली असते, तिथे त्याच फटीतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज हवं. काजळी म्हणजे कोळसा, त्यातून वीज वाहते. उडी मारायची वेळ येण्याआधीच वीज काजळीच्या वाटेने खाली लोखंडात उतरते. घरी येऊन मल्टिमीटर लावला. नव्या प्लगाच्या मधल्या टोकापासून बाहेरच्या लोखंडापर्यंत काहीच वाहत नव्हतं. काजळी धरलेल्यांनी काही लाख ओहम दाखवले. म्हणजे जोडीला एक चोरवाट तयार झालेली.

इथे माझी चूक होती. मी आटे मोजले, उष्णता मोजली नाही.

प्लगाचं आतलं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या आसपास गेलं की ते टोक स्वतःच निखाऱ्यासारखं मिश्रण पेटवायला लागतं, ठिणगीची वाट न बघता. प्लगाने या दोन्हींच्या मध्ये राहायचं असतं. टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर जाते ते टोकाभोवतीच्या चिनी मातीच्या नाकाच्या लांबीवर ठरतं. नाक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब पडते, टोक तापतं, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर थंड. प्लगाच्या कोडातला आकडा हेच सांगतो, पण प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा ८ बघून दुसरीचा ८ घेणारे मी पाहिले आहेत.

हवेवर थंड होणाऱ्या, जोरात फिरणाऱ्या टू-स्ट्रोकला ८ नंबरचा थंड प्लग योग्यच आहे. त्या डोक्यावर आग असते. मामांच्या गाडीत सगळं उलटं. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला, वर कास्ट आयर्नचं सपाट हेड, कॉम्प्रेशन अवघं ४.२२ ला १. ३.३ लिटरच्या इंजिनातून २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. एवढ्या शांत इंजिनात, हडपसरच्या गर्दीत गाडी नुसतं इंजिन चालू ठेवून उभी असताना, ८ नंबरच्या प्लगाचं नाक ४५० अंश बघतच नाही. प्लगात दोष काहीच नव्हता. आम्ही तो भलत्या घरी दिला.

दुसरी गोष्ट कळायला आणखी आठवडा गेला, आणि ती प्लगाच्या नंबरात नव्हती, बुशात होती. सायकलचा एक स्पोक घेतला, टोकाला काटकोनात दोन मिलिमीटरचा आकडा वाकवला, बुशाच्या आत सोडून खालच्या कडेला अडकवला आणि वरच्या बैठकीपाशी ब्लेडने खूण केली. तो प्लगाच्या शेजारी धरला. बुश प्लगाच्या आट्यांपेक्षा लांब होता. म्हणजे प्लगाचं टोक ज्वलनाच्या जागेत पोचतच नव्हतं, दोन-तीन आटे आत, एका खळग्यात बसलं होतं. तसल्या खळग्यात मागच्या वेळचा जळका वायू साचून राहतो. कमी वेगावर ताजं मिश्रण तिथपर्यंत नीट पोचत नाही, ठिणगी शिळ्या वायूत पडते. शिवाय आगीची धग टोकाला लागत नाही, ते आणखी थंड राहतं.

मामा म्हणाले, "मग लांब आट्यांचा घाल ना रे. एकोणीस मिलिमीटरचा मिळतो म्हणतोस."

"मामा, तो खाली बाहेर येईल. उघडे पडलेले आटे तापून लाल होतात, त्यावर कार्बन बसला की प्लग परत निघत नाही. आणि खाली व्हॉल्व्ह उघडतो, त्याला लागला तर?"

उपाय मधला होता. काही प्लगांचं मातीचं नाकच लोखंडी कडेच्या बाहेर पुढे आलेलं असतं. एनजीकेच्या कोडात त्यासाठी पी असतो. आट्यांची लांबी तीच, पण ठिणगी काही मिलिमीटर पुढे पडते. बुशाच्या खळग्याची भरपाई होते. दुसरा फायदा म्हणजे पुढे आलेलं नाक कमी वेगावर लवकर तापतं आणि जास्त वेगावर आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाने गार होतं. गर्दी आणि घाट दोन्ही असलेल्या रस्त्याला याहून चांगलं काय हवं? आम्ही बीपी५एचएस मागवले. आठवरून पाचवर, तीन पायऱ्या गरम.

घालण्याआधी जागेची खात्री हवी होती. नातीच्या खेळण्यातली मऊ क्ले घेतली, तेलाचं बोट फिरवून तिचा लहान गोळा एका प्लगाच्या टोकावर चिकटवला, तो पहिल्या सिलिंडरला लावला आणि हँडलने इंजिन हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवलं. प्लग काढला. क्लेवर ओरखडासुद्धा नव्हता. हे चारही सिलिंडरला केलं. अर्धा तास गेला, पण हा अर्धा तास कुणी वाचवू नये.

फट ठेवली ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. बाहेरचं टोक हलक्या हाताने वाकवायचं, मधल्याला हात लावायचा नाही. इरिडियमचे प्लग घ्या असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ते बारीक टोकाचे असतात, कमी व्होल्टेजवर ठिणगी देतात, खोटं काही नाही. पण त्यांची खरी किंमत दीर्घ आयुष्याची. वर्षाला हजार किलोमीटर जाणाऱ्या आणि दर हंगामात प्लग काढून बघितल्या जाणाऱ्या गाडीत ते आयुष्य वाया जातं, आणि फट कमी-जास्त करताना ते नाजूक टोक तुटण्याची भीती. साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग या इंजिनाला पुष्कळ झाला. आर अक्षराच्या प्लगाबद्दलही विचारलं जातं. त्यात साधारण ५ हजार ओहमचा अवरोध असतो, रेडिओत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत खरखर येऊ नये म्हणून. मामांच्या गाडीत रेडिओ नाही, काही इलेक्ट्रॉनिक नाही, म्हणून आम्ही बिनआरचे घेतले. पण ते मिळाले नसते तर आरचे घालायला मी कचरलो नसतो. कॉइलच्या इग्निशनला तेवढ्या अवरोधाने फारसं बिघडत नाही.

बुश आधी घट्ट, मग प्लग त्याहून हलका. हा क्रम चुकला तर पुढच्या वेळी प्लग सोडवताना बुशही त्याच्याबरोबर फिरत बाहेर येतो. नव्या वॉशरसह प्लग बोटाने बसेपर्यंत फिरवला आणि पान्याने साधारण अर्धा फेरा.

गाडी सुधारली. पण पुरती नाही.

आता फक्त प्लग बदलून बघत बसण्यात अर्थ नव्हता. मॉडेल ए मध्ये एक सोय फार सुंदर आहे. डिस्ट्रिब्युटरपासून (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागापासून) प्लगापर्यंत वायरी नाहीतच. चार पितळी पट्ट्या आहेत, उघड्या, प्रत्येक प्लगाच्या माथ्यावर नटाने धरलेल्या. चालू इंजिनावर लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर पट्टीपासून हेडला टेकवला की तो सिलिंडर बंद. ज्याला बंद केल्यावर आवाज पडत नाही तो आधीच मेलेला. चौथा तसाच होता, कधी जागा, कधी झोपलेला. कॉम्प्रेशन गेज आता सहज लागला, कारण गेजचं टोक १४ मिलिमीटरचंच असतं आणि आमच्या बुशात बसतं. तिघांचा दाब जवळजवळ सारखा, चौथ्याचा थोडा कमी. प्लगावर ऑइल होतंच. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या.

मग संध्याकाळी अंगणातले दिवे बंद करून बॉनेट उघडून चालू इंजिन बघितलं. दुसऱ्या सिलिंडरच्या पट्टीखाली एक निळी ठिणगी टिकटिकत होती, हेडच्या एका नटावर. मूळ प्लगाच्या आणि आमच्या बुश-प्लगाच्या उंचीत फरक पडलेला, पट्टी वाकून नटाच्या जवळ गेली होती. अंधाराशिवाय हे दिसलं नसतं. शिवाय आजच्या प्लगाचा माथ्याचा स्क्रू चार मिलिमीटरचा, पट्टीचं भोक त्यापेक्षा मोठं, ती सैल हलत होती. पट्टी नव्याने वाकवून वर उचलली, माथ्यावर पितळी वॉशर दिला. प्लग घेताना एवढं बघावं की माथ्यावरची टोपी फिरवून काढता येते. काहींची ती घट्ट जोडलेली असते, तिथे पट्टी बसायची कशी?

चौथी गोष्ट वीस वर्षांपूर्वीची निघाली. मॉडेल ए मूळची ६ व्होल्टची, आणि बॅटरीची धन बाजू बॉडीला. कुणीतरी ती १२ व्होल्टवर आणली होती, ऋण बाजू बॉडीला घेऊन, पण कॉइलच्या दोन बारीक तारा तशाच ठेवून. त्यामुळे प्लगाच्या मधल्या टोकाची बाजू उलटली होती. तापलेल्या मधल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. त्यांना थंड असलेल्या बाहेरच्या टोकातून निघायला लावलं तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या मिस्त्रींची परीक्षा पेन्सिलीची. पट्टी प्लगापासून जरा दूर धरायची आणि मधल्या फटीत पेन्सिलीचं शिसं. ज्योतीसारखी पसर प्लगाच्या बाजूला दिसली तर बरोबर, पट्टीच्या बाजूला दिसली तर उलटं. आमच्याकडे ती पट्टीच्या बाजूला होती. दोन तारांची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. (पेन्सिल चांगल्या चिमट्यात धरावी. झटका जोरदार बसतो.)

आणि शेवटी मामांची सवय. डॅशबोर्डखाली एक दांडी आहे. ओढली की चोक, फिरवली की कार्बोरेटरला जास्तीचं पेट्रोल. थंड इंजिन सुरू करायला ती एक फेरा उघडायची आणि गरम झाल्यावर पाव फेऱ्यावर आणायची असते. मामा ती एक फेरा उघडीच ठेवत. "इंजिनाला कमी पडायला नको," म्हणत. त्या जास्तीच्या पेट्रोलचीच अर्धी काजळी होती. त्यांना बोलायला मला जरा जड गेलं, पण त्यांनी ऐकलं, आणि आता दांडीवर खडूची खूण आहे.

शेवटची परीक्षा त्याच रस्त्यावर घेतली. हडपसरची गर्दी प्लगाला थंड करून काजळी धरायला लावते, आणि लगेच पुढे दिवे घाट त्याला तापवतो. एकाच रस्त्यावर दोन्ही टोकं. रविवारी सकाळी दहाला, मुद्दाम गर्दीच्या वेळेला निघालो. सिग्नलांवर गाडी एकदाही अडखळली नाही. घाट दुसऱ्या गियरमध्ये, ठिणगीची वेळ लवकर-उशिरा करणारी दांडी पुढे (लवकरवर) ठेवून. ही दांडी मागे राहिली तर इंजिन उगीच तापतं आणि प्लगावरचं सगळं वाचन खोटं ठरतं. माथ्याच्या अलीकडे, पूर्ण जोरात असताना, इग्निशन बंद केलं, क्लच दाबला आणि गाडी कडेला सरकू दिली. असं केलं तरच प्लगावर त्या क्षणाचा रंग राहतो. इंजिन नुसतं चालू ठेवून थांबलात तर काजळीचा थर वर येऊन सगळं झाकतो. इग्निशन बंद केल्यावर इंजिन लगेच थांबलं, धक्के देत चालत राहिलं नाही. म्हणजे वर निखारा नव्हता.

प्लग गरम होते, फडक्यात धरून काढले. पहिले तीन फिकट राखाडी-तपकिरी. जुन्या पुस्तकांत दिलेला गडद तपकिरी रंग आता दिसत नाही, कारण तो शिसेयुक्त पेट्रोलचा होता आणि ते आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. आजच्या पेट्रोलवर चांगला प्लग बराच फिकट दिसतो, त्याला घाबरायचं नाही. खडूसारखा पांढरा आणि त्यावर चकचकीत बारीक कण दिसले तर मात्र थांबायचं. आमचे तसे नव्हते. चौथा अजून काळपट. तिथे बीपी४एचएस घातला, एक पायरी आणखी गरम, म्हणजे ऑइल जळून जाईल. एका इंजिनात दोन नंबर घालणं कुठल्याही वर्कशॉपच्या नियमात बसत नाही, मलाही ते आवडत नाही. पण त्या सिलिंडरची रिंग झिजलेली आहे हे माहीत असताना, उघडेपर्यंतची ही सोय मला प्रामाणिक वाटते.

त्यानंतर गाडी सातशे किलोमीटर गेली. जुने ३एक्स आम्ही शोधून घेतले, मामांनी ते बिस्किटांच्या डब्यात तेल लावून ठेवलेत. रॅलीला मूळ वस्तूंचे गुण असतात, त्या दिवशी बुश काढून तेच लावायचे. चौथ्याचं काम दसऱ्यानंतर काढणार आहोत. तोवर तिथे ४ नंबर राहील, आणि दर महिन्याला मामा तो काढून, चष्मा कपाळावर चढवून, उजेडात धरून बघतात आणि मला फोनवर रंग सांगतात.